आई-बाबा ऑस्ट्रेलियाला निघालेत? तिथल्या रोजच्या दिवसासाठी सविस्तर मार्गदर्शक

मुलगा किंवा मुलगी मेलबर्नला, सिडनीला स्थिरावली की पुण्या-ठाण्या-नाशिकहून आई-बाबांची पहिली वारी ठरते. कधी बाळंतपणासाठी, कधी नातवंडांच्या ओढीनं. मुक्काम तीन महिन्यांचा, नाहीतर सहा. पहिला आठवडा फिरण्यात जातो. मग मुलं सकाळी साडेसातला कामावर निघतात आणि संध्याकाळी सहापर्यंत घरात दोघंच उरतात. हा लेख त्या वेळेसाठी आहे. स्वयंपाक, कचरा, बाजार, ट्रेन, ऊन, समुद्र, दुखणं-खुपणं या सगळ्यात तिथली रीत आपल्यापेक्षा कुठे वेगळी आहे, हे आधी माहीत असलं की मुलांच्या फोनची वाट बघत बसावं लागत नाही.

व्हिसाचं पत्र: दोन तारखांचा घोळ

आई-बाबा बहुतेक वेळा ६०० क्रमांकाच्या व्हिजिटर व्हिसावर जातात. मंजुरीच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, कुठल्या तारखेपर्यंत ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवता येईल. दोन, प्रत्येक वेळी आल्यावर किती दिवस राहता येईल. व्हिसा तीन वर्षांचा मिळाला म्हणजे तीन वर्षं राहता येतं असं नव्हे. एका फेरीची मुदत तीन महिने असेल तर त्याच्या आत परत निघायचंच. तिकीट काढण्यापूर्वी ही ओळ मुलांकडून नीट वाचून घ्या.

त्याखाली अटींचे चार आकडी क्रमांक असतात. ८१०१ म्हणजे काम करायचं नाही. ८५०३ असेल तर तिथे बसून दुसऱ्या बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही, त्यामुळे ‘तिकडे गेल्यावर वाढवून घेऊ’ हा बेत मुळातच बाद होतो. ८५०१ म्हणजे मुक्काम असेपर्यंत पुरेसा आरोग्य विमा चालू हवा. आणि ८५५८ म्हणजे कोणत्याही १८ महिन्यांत मिळून १२ महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. ही शेवटची अट पहिल्या फेरीत जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आडवी येते. तिच्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

बॅगेत काय भरायचं आणि काय घरीच ठेवायचं

ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाद्यपदार्थांची तपासणी फार कडक आहे आणि त्याला कारण आहे. जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग त्या देशात नाही, आपल्याकडे आहे. दूध, मांस, माती, बी-बियाणं यांतून तो किंवा दुसरी एखादी कीड आत आली तर तिथली शेती आणि पशुधन धोक्यात येतं. म्हणून अधिकारी आजीच्या डब्यातल्या पेढ्याकडेही त्याच नजरेनं बघतो.

आणू नये असं: पेढे, बर्फी, खवा, गुलाबजाम, रसगुल्ले अशी दुधाची मिठाई, पनीर, ताजी फळं-भाज्या, ताजा कढीपत्ता, ओला किंवा सोललेला न फोडलेला नारळ, पेरायचं बी, तुळशीचं रोप, गोमूत्र, गोवऱ्या. तुपाचा डबाही नेऊ नका, तिकडच्या दुकानात चांगलं तूप मिळतं आणि बॅगेचे दोन किलो वाचतात. पूजेच्या सामानात दर्भ, वाळलेली फुलं, दूर्वा नकोत. रुद्राक्षाची माळ, लाकडी देव्हारा, चंदनाचं खोड या लाकूड-बियांच्या वस्तू न्यायच्या असतील तर जाहीर करायच्या.

भाजून दळलेले मसाले, हळद, पापड, चकली, बाकरवडी, बाजारचं बाटलीबंद लोणचं हे साधारणपणे अडत नाही, पण दुकानाचं सीलबंद पाकीट हवं. घरचा गोडा मसाला नेणार असाल तर इंग्रजीत चिठ्ठी लावा: भाजलेल्या मसाल्यांची पूड, त्यात काय काय आहे ते. कापडी पुरचुंडीत बांधलेलं, नाव नसलेलं काहीही ठेवू नका. अधिकाऱ्याला ओळखता आलं नाही की ते सरळ टोपलीत जातं.

सगळं खाण्याचं एकाच बॅगेत, अगदी वरच्या थरात भरा. विमानात कार्ड मिळतं, त्यावर अन्न आणि वनस्पतीजन्य वस्तूंच्या प्रश्नांपुढे ‘हो’वर खूण करा. एक पापडाचं पाकीट असलं तरी ‘हो’च. मग रांगेत अधिकारी विचारेल तेव्हा आपली यादी दाखवा. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, दंड होत नाही. न सांगता सापडली तर दंड हजारो डॉलरच्या घरात जाऊ शकतो आणि व्हिसा रद्द होऊन परतीच्या विमानात बसवल्याच्या घटनाही घडल्या आहेत. नेमकी चूक बहुतेकांची इथेच होते: ‘नाही’ म्हटलं की लवकर सुटू, असं वाटतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विमानात मिळालेलं सफरचंद किंवा सँडविच पर्समध्ये राहून जाणं. उतरण्यापूर्वी पर्स रिकामी करून बघा. बुटांच्या तळाला शेतातली माती असेल तर घरूनच घासून धुऊन न्या.

औषधं जास्तीत जास्त तीन महिने पुरतील इतकीच नेता येतात. सोबत इंग्रजीत लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र हवं: पेशंटचं नाव पासपोर्टवर आहे तसं, औषधाचं मूळ नाव, मात्रा, कशासाठी. गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून नेऊ नका. मूळ पट्टी, मूळ खोकं राहू द्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर जास्त बारीक नजर असते. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पोचल्यावर दुसऱ्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरांना दाखवून पुढची चिठ्ठी घ्या. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. पारा-शिसं असलेली भस्मं तर नेऊच नयेत.

रोख रक्कम १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त असेल, कुठल्याही चलनात, तर तीही जाहीर करावी लागते.

आणि कपडे: जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा. मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात बॅग भरताना हे हमखास विसरायला होतं. मेलबर्नची घरं आतून गार असतात, पहाटे पाच-सात अंशांपर्यंत पारा उतरतो. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ गरम कपडे न्या. दुपारी ऊन, चारला पाऊस, सहाला बोचरं वारं असा एकच दिवस तिथे सर्रास असतो.

फोन

इथला फोन तिथे चालेल हे गृहीत धरू नका. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये थ्रीजी बंद केलं. ज्या फोनवरून फोरजीमार्फत आणीबाणीचा ०००ला कॉल लागत नाही तो फोन तिथल्या कंपन्यांना आपल्या नेटवर्कवर बंदच करावा लागतो. आपल्याकडे घेतलेले काही फोन, इंटरनेट उत्तम चालत असूनही, यात अडकतात. निघण्यापूर्वी फोनचा आयएमईआय क्रमांक मुलांना पाठवा आणि ते ज्या कंपनीचं सिम घेणार आहेत तिच्याकडून तपासून घ्या. प्रीपेड सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. शहराबाहेर फिरणं होणार असेल तर टेल्स्ट्राची रेंज सगळ्यात दूरवर पोचते.

भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्यापूर्वी त्याचं रोमिंग सुरू करून ठेवा आणि तिकडे गेल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा.

घरात: फोडणी, प्लग आणि न्हाणीघर

विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. पिना मात्र चपट्या आणि तिरप्या. साधा अडॅप्टर लावला की मोबाइलचा चार्जर, मिक्सर चालतो. तिथलं नेहमीचं सॉकेट १० अँपिअरचं असतं, म्हणून आपल्या जाड पिनांचं १६ अँपिअरचं गीझर-हीटरसारखं काही नेऊ नका. शेगडी इंडक्शनची आहे का, हेही आधी विचारा. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो असाच कुकर आणि तवा न्या.

आता फोडणी. हे नीट समजून घ्या, कारण पहिल्याच आठवड्यात घोटाळा होतो तो इथे. प्रत्येक घराच्या छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला, पोळी करपली की तो कानठळ्या बसवतो. फोडणी करण्याआधी शेगडीवरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगावर लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा. तेल धुरावेपर्यंत तापवायची सवय तेवढी सोडा. अलार्म वाजलाच तर खाली उभं राहून टॉवेलनं हवा घाला, दोन मिनिटांत थांबतो.

बंगलीवजा घरात एवढ्यावर भागतं. मुलं अपार्टमेंटमध्ये राहत असतील तर एक गोष्ट कधीही करू नका: धूर जावा म्हणून फ्लॅटचं मुख्य दार उघडू नका. आपल्याकडे हा पहिला उपाय. तिथे जिन्याच्या बोळातला अलार्म सगळ्या इमारतीचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. बोळात धूर गेला की अख्खी इमारत खाली उतरते, बंब येतो आणि खोट्या अलार्मचं भलंमोठं बिल त्या फ्लॅटच्या नावे निघू शकतं. खिडक्या, बाल्कनी उघडायची, दार बंदच.

दाराचंच दुसरं: बरीचशी दारं ओढली की आपोआप कुलूपबंद होतात. कचरा टाकायला गेलात तरी किल्ली आणि फोन खिशात हवा.

न्हाणीघराला मोरी नसते. पाणी जायची जाळी काचेच्या शॉवरच्या चौकटीतच असते. बाहेर बादलीनं पाणी ओतलं तर ते शेजारच्या खोलीच्या गालिच्याखाली, नाहीतर खालच्या फ्लॅटच्या छतात मुरतं. बादली-तांब्या हवाच असेल तर शॉवरच्या काचेच्या आत बसा. संडासात बहुधा जेट नसतो. दांडीचा लहान जग पहिल्या दिवशीच विकत घ्या. नळाचं गार पाणी थेट प्यायचं असतं, उकळायची किंवा फिल्टरची गरज नाही. पाकिटातलं दूधही निर्जंतुक केलेलं असतं, तापवलं नाही तरी चालतं.

कचऱ्याचे डबे झाकणाच्या रंगावरून ओळखायचे: लाल झाकण म्हणजे उरलेला कचरा, पिवळं म्हणजे कागद, पुठ्ठा, डबे, बाटल्या, आणि हिरवं म्हणजे बागेचा पालापाचोळा. बऱ्याच नगरपालिकांत स्वयंपाकघरातला ओला कचराही हिरव्यातच जातो. पिवळ्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काही टाकायचं नाही, वस्तू सुट्या टाकायच्या. पिशव्या यंत्रात अडकतात. ठरलेल्या वाराच्या आदल्या रात्री डबे रस्त्याकडेला, चाकं घराकडे करून, दोन डब्यांत हातभर अंतर ठेवून उभे करा. गाडीचा लोखंडी हात येऊन डबा उचलतो, म्हणून हे अंतर लागतं. पेयांचे कॅन आणि बाटल्या वेगळ्या साठवल्या तर जमा करण्याच्या केंद्रावर नगाला १० सेंट परत मिळतात. नातवंडांना हे काम फार आवडतं.

बाजारहाट

वूलवर्थ्स, कोल्स आणि आल्डी ही रोजची दुकानं. किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापलेली असते. तुलना तिच्यावरून करा, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. पिशव्या घरून न्यायच्या. आल्डीत ट्रॉलीसाठी नाणं अडकवावं लागतं, ट्रॉली जागेवर लावली की ते परत मिळतं.

पिठांच्या बाबतीत फसायला होतं. ‘प्लेन फ्लावर’ म्हणजे मैदा. ‘सेल्फ रेझिंग फ्लावर’मध्ये बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते; त्याची पुरणपोळी किंवा करंजी केली की फुगून फाटते. पोळ्यांची कणीक भारतीय दुकानातूनच घ्या. कोथिंबीर समजून पार्सली हमखास घरी येते, दोन्ही जुड्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. पान चुरगळून वास घ्या. ढोबळी मिरचीला तिथे कॅप्सिकम म्हणतात, वांग्याला एगप्लांट. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचं कूट, पोहे हे भारतीय दुकानांत मिळतं. मेलबर्नमध्ये डँडेनाँग आणि टार्नीट, सिडनीत हॅरिस पार्क ही त्यासाठीची ठिकाणं. कढीपत्ता तेवढा महाग. कुणाच्या परसात झाड आहे का याची चौकशी ठेवा.

शाकाहारी असाल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. काही दह्यांत, गोळ्यांत, मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ‘ग्रीक योगर्ट’ घेताना दूध आणि विरजण एवढेच घटक असलेलं घ्या. त्याच्याच चमचाभर विरजणानं घरी दही लागतं. हिवाळ्यात मात्र ते उघड्यावर लागत नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवा.

पैसे बहुतेक सगळीकडे कार्डानंच दिले जातात आणि काही दुकानं त्यावर थोडा अधिभार लावतात, पाटी वाचा. भारतीय कार्ड वापरताना यंत्र ‘रुपये की डॉलर’ विचारतं, तेव्हा डॉलर निवडा. रुपये निवडलं की दुकानाच्या बाजूचा महाग दर लागतो. रोख दिली तर बिल पाच सेंटच्या पटीत गोल होतं, एक-दोन सेंटची नाणी चलनातच नाहीत. हॉटेलात टीप द्यायची पद्धत नाही. कुणी घरी बोलावताना ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणालं तर रिकामी ताटली न्यायची नसते, एखादा पदार्थ करून न्यायचा असतो.

एकट्यानं बाहेर पडणं

पहिल्यांदा मुलांबरोबर एक फेरी करा, दुसऱ्यांदा ते मागच्या सीटवर बसतील आणि सगळं तुम्ही कराल, तिसऱ्यांदा दोघंच जा. या क्रमानं गेलं की महिनाभरात शहर आपलं वाटू लागतं.

मेलबर्नमध्ये मायकी कार्ड लागतं. कोरं कार्ड ६ डॉलरला मिळतं, स्टेशनवरच्या यंत्रात किंवा सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात. त्यात वरून पैसे भरायचे. माणशी एक कार्ड, दोघांत एक चालत नाही. ट्रेन आणि बसमध्ये चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा यंत्राला टेकवायचं. ट्राममध्ये फक्त चढताना पुरतं. एकदा टेकवलं की दोन तासांचं भाडं लागतं, त्या वेळात ट्रेन, ट्राम, बस कितीही बदला. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे. त्या हद्दीतच चढणार-उतरणार असाल तर कार्ड टेकवायचंच नाही. टेकवलं की उगाच पैसे जातात. २०२३ पासून बॅलरॅट, बेंडिगो, जिलाँग अशा दूरच्या गावांच्या गाड्यांनाही मेलबर्नइतकीच दिवसाची कमाल भाडेमर्यादा लागू आहे. सोन्याच्या खाणींचं बॅलरॅट सकाळी निघून संध्याकाळी बघून येण्यासारखं आहे. विमानतळाला ट्रेन नाही. स्कायबस थेट सदर्न क्रॉस स्टेशनला जाते, आणि ९०१ क्रमांकाची साधी बस ब्रॉडमेडोज स्टेशनला.

सिडनीत ओपल कार्ड, किंवा सरळ बँकेचं कार्डही चालतं. तिथे उतरताना टेकवायला विसरलात तर सर्वात जास्त भाडं कापलं जातं. चढताना जे कार्ड तेच उतरताना. चढताना कार्ड आणि उतरताना त्याच खात्याचा मोबाइल टेकवला तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. सिडनी विमानतळाच्या स्टेशनवर माणशी वेगळं प्रवेशशुल्क पडतं, दोघं-तिघं असाल तर टॅक्सीचा हिशेब करून बघा. ब्रिस्बेनला मुलं असतील तर चैन आहे: क्वीन्सलँडमध्ये २०२४ च्या ऑगस्टपासून बस, ट्रेन, फेरी सगळ्याला ५० सेंट.

बस थांब्यावर उभं राहिलात म्हणून थांबेलच असं नाही. बस दिसली की हात पुढे करा. उतरण्याच्या आधी दांड्यावरची घंटी दाबा. उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबावं लागतं, नाहीतर पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतच नाही असे बरेच चौक आहेत. टिकटिक जलद झाली की निघायचं. गाडीत मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा. सात वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन बसता येत नाही, त्याला मान्यताप्राप्त खुर्चीच लागते. आजी-आजोबांना हे जड जातं, पण पोलीस इथे सूट देत नाहीत आणि देऊही नये.

भारताशी बोलायच्या वेळा लिहून ठेवा. मेलबर्न-सिडनी हिवाळ्यात आपल्यापुढे साडेचार तास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच. ब्रिस्बेन वर्षभर साडेचार, पर्थ वर्षभर अडीच.

ऊन, पाखरं आणि समुद्र

आपण ऊन उकाड्यावरून जोखतो. तिथे ते चालत नाही. हवा १९ अंश, आभाळ ढगाळ, वारं गार, आणि तरीही अतिनील किरणं त्वचा भाजून काढतात. हवामानाच्या अॅपवर ‘यूव्ही’चा आकडा असतो; तो तीन किंवा जास्त असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचं, आणि निघण्याआधी वीस मिनिटं सनस्क्रीन. दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या रंगाला लागत नाही, हा समज सोडा.

सकाळच्या फेरफटक्याला निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ऑगस्ट ते नोव्हेंबर हा मॅगपाय पक्ष्यांच्या विणीचा काळ. काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी मागून झेप घेऊन डोक्यावर चोच मारतो. उघडी छत्री किंवा रुंद काठाची टोपी घ्या, पळू नका, काठी उगारू नका, आणि दुसऱ्या दिवशी तो रस्ता बदला. हा पक्षी माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो.

समुद्राबद्दल सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. २०२४ च्या जानेवारीत मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर, फॉरेस्ट केव्हज नावाच्या किनाऱ्यावर, एकाच भारतीय कुटुंबातली चार माणसं बुडाली. तिथे जीवरक्षक नव्हते. गणपतीपुळ्याला किंवा मुरुडला पाऊल बुडेल इतक्या पाण्यात उभं राहतो तसं तिथे उभं राहता येत नाही: मोठी लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, ओली साडी किंवा सलवार पायांत अडकते.

म्हणून: लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरा. झेंडे नसतील तर वाळूवर बसा, पाण्यात पाऊलही नको. लाटा फुटत असताना मध्येच एखादी शांत, गडद पट्टी दिसते आणि पोहायला तीच बरी वाटते. तीच सर्वात घातक. पाणी तिथून आत समुद्राकडे खेचलं जात असतं. त्यात सापडलंच कुणी तर किनाऱ्याकडे प्रवाहाविरुद्ध हातपाय मारायचे नाहीत, दमून माणूस बुडतो. पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. वाचवायला दुसऱ्यानं रिकाम्या हातानं उडी मारू नये, तरंगणारं काहीतरी फेकावं आणि ०००ला फोन करावा. फोटोसाठी ओल्या खडकांवरही उभं राहू नका.

आजारपण

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. विमा भारतातून घ्या किंवा तिथल्या कंपनीचा पाहुण्यांसाठीचा घ्या, पण पॉलिसीत ‘आधीपासून असलेले आजार’ हा भाग शोधून वाचा. मधुमेह, रक्तदाब, बायपास झालेली असेल तर ते लपवू नका. तिथल्या बहुतेक पॉलिसींत अशा आजारांसाठी १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांचा खर्च मिळतच नाही. भारतातल्या पॉलिसीत जीवघेण्या प्रसंगापुरतं संरक्षण मिळतं का, हे विचारून लेखी घ्या.

ताप-खोकला असेल तर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. वेळ आधी घ्यावी लागते. एका भेटीला साधारण ८० ते १२० डॉलर पडतात. पावती जपून ठेवा. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. क्रोसिन-डोलोमधलं पॅरासिटामॉल तिथे पॅनाडॉल नावानं मिळतं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून सुपरमार्केटमध्ये एका पाकिटात १६ गोळ्यांहून जास्त देत नाहीत. मेलबर्नला रात्री-अपरात्री ‘दाखवावं की नको’ असा प्रश्न पडला तर नर्स-ऑन-कॉलला १३०० ६० ६० २४ वर विचारता येतं. चुकून कुणी काही गिळलं तर विषबाधा केंद्र १३ ११ २६.

छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, श्वास न पुरणं, सापाचा दंश यात मुलांना फोन करून विचारत बसू नका. सरळ ०००. पलीकडून पोलीस, आग की अॅम्ब्युलन्स असं विचारतात. एकच शब्द सांगा. इंग्रजीत अडलं तर ‘हिंदी’ म्हणा, दुभाषा जोडून देतात. अॅम्ब्युलन्सचं बिल हजार डॉलरच्या वर जाऊ शकतं म्हणून आई-बाबा थांबतात, तसं थांबू नका. विमा त्यासाठीच घेतलेला असतो. साप चावला तर जखम धुऊ नका, चोखू नका. पूर्ण हात किंवा पाय रुंद पट्टीनं घट्ट गुंडाळा आणि माणसाला हलू देऊ नका. घराचा पूर्ण पत्ता आणि जवळचा चौक मोठ्या इंग्रजी अक्षरांत फ्रिजवर चिकटवून ठेवा. घाबरल्यावर पत्ता आठवत नाही.

नातवंडांची ने-आण

पाळणाघरातून किंवा शाळेतून मूल आणायचं असेल तर आधी मुलांनी तिथे तुमचं नाव नोंदवलेलं हवं, आणि पहिल्या दिवशी फोटो असलेलं ओळखपत्र न्या. आजी म्हणून सांगून मूल देत नाहीत. बागेत दुसऱ्याच्या गोड बाळाचा गाल धरावासा वाटतो, खाऊ द्यावासा वाटतो. आई-वडिलांना विचारल्याशिवाय दोन्ही करू नका, फोटो तर नाहीच. पोहण्याचा तलाव असलेल्या घरी गेलात तर कुंपणाचं फाटक क्षणभरही उघडं टाकू नका. गाडीत मुलाला एकटं ठेवून दुकानात जाणं हा गुन्हा आहे.

दिवाळीत फटाके नकोत. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये घरी फटाके उडवायला बंदी आहे. उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झालेल्या दिवशी अंगणात उघडी ज्योतही चालत नाही, त्या दिवशी पणत्या आत लावा. गणेशोत्सव आणि दिवाळी फराळाला महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरिया किंवा सिडनीच्या मराठी असोसिएशनच्या कार्यक्रमांना जा. समवयस्क मंडळी तिथेच भेटतात, आणि मग दुपारी चालायला जोडीदारही मिळतो.

परत निघताना

निघण्याआधीच्या ६० दिवसांत एकाच दुकानातून ३०० डॉलर किंवा त्याहून जास्तीची खरेदी झाली असेल तर त्यावरचा जीएसटी, म्हणजे किमतीचा अकरावा भाग, विमानतळावर परत मिळतो. पैसे प्रवास करणाऱ्यानं स्वतः भरलेले हवेत. दुकानाची टॅक्स इन्व्हॉइस हवी, १,००० डॉलर किंवा त्याहून जास्तीची असेल तर तिच्यावर तुमचं नाव हवं. वस्तू जवळ किंवा अंगावर ठेवा, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवा. मोठ्या बॅगेत चेक-इन करायची असेल तर त्याआधीच विमानतळावरच्या सीमादलाच्या खिडकीवर दाखवून घ्या. दावा सुटण्याच्या वेळेआधी किमान ३० मिनिटं पूर्ण करावा लागतो, आणि रांग मोठी असते.

शेवटचं, ८५५८ च्या अटीचं. ऑस्ट्रेलिया पासपोर्टवर शिक्के मारत नाही. त्यामुळे किती दिवस राहिलात याची नोंद तुमची तुम्हीच ठेवायची. येतानाचा आणि जातानाचा बोर्डिंग पास एका पाकिटात घालून पासपोर्टच्या मागे ठेवा, आणि वहीच्या पानावर आलेली तारीख, गेलेली तारीख, एकूण दिवस असं लिहा. पुढच्या फेरीचं तिकीट काढताना परतीच्या तारखेपासून मागचे १८ महिने मोजा आणि त्यातले तिथे घालवलेले दिवस १२ महिन्यांच्या आत बसतात का ते याच पानावरून तपासा.